‘हो’ नेमकं कशाला म्हटलंय? जोडीदार, फोन आणि खाजगी फोटो

दोन वर्षांपूर्वी गणपतीत कोथरूडला एका मैत्रिणीकडे गेले होते. आरती झाली, खिरापत वाटून झाली, आणि तिच्या नवऱ्याने आदल्या वर्षीचं मखर सगळ्यांना दाखवायचं म्हणून फोन टीव्हीला कास्ट केला. गुगल फोटोजमध्ये सरकवत सरकवत मागे जाताना मधेच मैत्रिणीचा एक फोटो आला, त्यांच्या कुठल्यातरी ट्रिपचा, जो फक्त त्या दोघांनीच बघायचा होता. दोनच सेकंद दिसला असेल, त्याने लगेच टीव्ही बंद केला, पण समोर नणंद बसलेली, तिची मुलं बसलेली. मैत्रीण आत गेली ती अर्धा तास बाहेर आलीच नाही.

नंतर तिने मला सांगितलं की फोटो काढताना ती हो म्हणाली होती, ‘बघ आणि लगेच डिलीट कर’ असंही म्हणाली होती, आणि त्याने तिच्यासमोर गॅलरीतून डिलीट केलाही होता. झालं असं की तो डिलीट केला फोन कंपनीच्या गॅलरी ॲपमधून, आणि तोपर्यंत त्याचा बॅकअप गुगलवर जाऊन बसला होता. तिथली कॉपी तशीच राहिली. म्हणजे यात वाईट माणूस कोणीच नाही, तो तिला फसवत नव्हता, तरीसुद्धा तिने ज्याला कधीच हो म्हटलं नव्हतं ते सगळ्या घरासमोर झालं. हे मला फार लागलं, तेव्हापासून लिहायचं मनात होतं.

मी हिंजवडीत टेस्टिंगमध्ये काम करते. वकील नाही, समुपदेशक नाही. पण गेली आठ-दहा वर्षं ‘जरा माझा फोन बघतेस का’ म्हणत बरेच जण आलेत, लग्न झालेले, लिव्ह-इनमध्ये राहणारे, नुकतेच भेटायला लागलेले, एकत्र राहणारे दोन मुलगे, एक पन्नाशीच्या काकूसुद्धा. त्यातून जे शिकले ते इथे सांगतेय. आणि हे सगळं १८ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहे, हे पहिल्यांदाच स्पष्ट सांगते. १८ च्या खालच्या कोणाचाही असा फोटो काढणं, ठेवणं, पाठवणं हा पॉक्सो आणि आयटी कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे, तिथे ‘तिनेच पाठवला होता’ याला काही अर्थ नाही, दोघंही सतरा वर्षांचे असले तरी नाही.

आधी बोलून घ्या

आपण ‘फोटो काढू का’ एवढं विचारतो आणि समोरचा हो म्हणाला की सगळंच हो धरतो. पण त्या एका प्रश्नात चार प्रश्न लपलेले असतात. काढायचा का, तो राहणार कोणाच्या फोनमध्ये, कोण कोण बघू शकणार, आणि पुसायचा कधी. काढायला हो म्हणणारी व्यक्ती ठेवायला नाही म्हणू शकते. ठेवायला हो म्हणणारी व्यक्ती सहा महिन्यांनी विचार बदलू शकते, आणि तिने विचार का बदलला याचं कारण तिला द्यावं लागत नाही. माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत पहिल्या आणि चौथ्या प्रश्नावर बोलणं झालं होतं, दुसरा प्रश्न कोणाला सुचलाच नाही, आणि घोळ नेमका तिथे झाला.

हे बोलणं त्या क्षणी, अंगावर आलेलं असताना करू नका, कारण तेव्हा नाही म्हणणं सगळ्यात अवघड जातं. एरवी करा, जेवून झाल्यावर, गाडीत, किंवा मला विचाराल तर टेकडीवर. वेताळ टेकडीला चालताना दोघांचं तोंड एकाच दिशेला असतं, एकमेकांच्या डोळ्यात बघावं लागत नाही, त्यामुळे अवघड गोष्टी सोप्या जातात, हे मी खरंच अनुभवलंय. आणि बोलायचं म्हणजे भाषण नको, साधी वाक्यं पुरतात. ‘हा माझ्याकडे ठेवू का, की तुझ्याच फोनमध्ये राहू दे?’ ‘तू काढ, पण चेहरा नको.’ ‘मला असलं नाही आवडत, परत नको विचारूस.’ ‘मागच्या वेळी हो म्हटले होते, पण आता मला ते ठेवलेले नकोत.’ एवढं बोलता आलं तरी खूप झालं.

गप्प बसणं म्हणजे हो नाही. कायद्यानेही नाही. भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ६३ मध्ये संमतीची व्याख्या दिलीय, त्यात शब्दांनी, खुणेने किंवा इतर कुठल्याही प्रकारे स्पष्टपणे आणि स्वतःहून दिलेला होकार असं म्हटलंय, आणि शारीरिक विरोध केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरता येणार नाही, हेही तिथेच लिहिलंय. ही व्याख्या शरीरसंबंधांच्या संदर्भातली आहे पण फोटोलाही मी तीच लावते. दारू प्यायलेल्या माणसाचा हो, झोपेतल्या माणसाचा, तीन वेळा नाही म्हणून चौथ्यांदा कंटाळून आलेला हो, हे कुठलेच हो मी हो धरत नाही.

आणि ते वाक्य, ‘माझ्यावर विश्वास नाही का तुझा?’ माझ्याकडे आलेल्यांपैकी कितीतरी जणींनी, आणि दोन मुलांनीही, हेच वाक्य ऐकून फोटो पाठवलेले. माझं मत ठाम आहे, ज्याला तुमचं नाही ऐकून राग येतो किंवा जो रुसून बसतो त्याला तर पाठवूच नका. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा तो माणूस ‘बरं, नको तर नको’ म्हणतो आणि विषय बदलतो, त्यानंतर दोन दिवस अबोला धरत नाही.

लग्न झालेल्यांसाठी एक वेगळं सांगते, कारण तिथे लोकांना वाटतं की लग्न झालं म्हणजे सगळ्याची परवानगी एकदाच देऊन झाली. आपल्या कायद्यात पत्नी १८ च्या वरची असेल तर नवऱ्याच्या जबरदस्तीला बलात्कार म्हणत नाहीत, हा अपवाद अजून आहे आणि मला तो चुकीचा वाटतो. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ स्पष्टपणे धरलाय, लिव्ह-इनमधल्या बाईलाही तो लागू होऊ शकतो, आणि खाजगी फोटोंबद्दलची जी कलमं आहेत त्यात नवऱ्याला कुठेही सूट दिलेली नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, तो हक्क मंगळसूत्र घातल्यावर संपत नाही.

पाठवायचाच असेल तर

सगळ्यात सुरक्षित काय तर न पाठवणं, हे खरंच आहे. पण मोठी माणसं आहेत, एक पुण्यात आणि एक बंगळूरला असं वर्षानुवर्षं चालतं, त्यांना ‘पाठवूच नका’ सांगून मी मोकळी होणार नाही. पाठवणाऱ्याची चूक आहे असंही मी मानत नाही, चूक ज्याने तो पुढे नेला त्याची.

चेहरा आणि शरीर एकाच फोटोत नको, हा पहिला नियम. मग ओळख पटेल असं बाकी काय आहे ते बघा, टॅटू, जन्मखूण, मंगळसूत्राची वाटी, कंपनीच्या आयडीचा पट्टा खुर्चीवर लटकलेला, खिडकीतून दिसणारी पर्वती किंवा समोरच्या सोसायटीचं नाव. आरशातल्या फोटोत मागे काय दिसतंय ते आपण बघतच नाही. फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला ते लोकेशनही साठवलेलं असू शकतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती माहिती निघून जाते, पण क्वालिटी चांगली यावी म्हणून डॉक्युमेंट करून किंवा ड्राइव्हची लिंक देऊन पाठवला तर ती फोटोबरोबर जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग बंद करून टाका, एक मिनिटाचं काम आहे.

व्हॉट्सॲपचं व्ह्यू वन्स, म्हणजे फोटो एकदाच उघडता येतो ती सोय, वापरा, पण त्यावर विसंबून राहू नका. त्यात स्क्रीनशॉट अडवलेला असतो हे ठीक, पण दुसरा फोन समोर धरून फोटो काढायला कोण अडवणार? डिसअपिअरिंग मेसेज, म्हणजे आपोआप पुसले जाणारे, २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांवर लावता येतात, या चॅटला २४ तासच लावा. चॅट लॉक लावला तर ते चॅट वरच्या यादीतून बाजूला होतं आणि नोटिफिकेशनमध्ये नाव-मजकूर दिसत नाही, रूममेट किंवा घरातली माणसं फोन हातात घेत असतील तर हे फार कामाचं आहे.

व्हॉट्सॲप एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे मधल्या कोणाला मेसेज वाचता येत नाही, म्हणून निर्धास्त राहणारे खूप भेटतात. मेसेज जाताना एन्क्रिप्टेड असतो हो, पण तुमचा जो बॅकअप रोज रात्री गुगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जातो त्याचं एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, तिथे एंड टू एंड एन्क्रिप्टेड बॅकअप असा पर्याय आहे. पासवर्ड विसरलात तर मात्र बॅकअप गेलाच, व्हॉट्सॲपही तो परत काढून देऊ शकत नाही.

माझ्या क्षेत्रातल्या लोकांना तर हात जोडून सांगते, ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब उघडू नका. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, सगळीकडे लोक दिवसभर उघडं ठेवून बसतात. तो लॅपटॉप तुमचा नाही, त्यावर काय चाललंय हे बघायची सोय कंपनीकडे असू शकते, त्यातल्या डाउनलोड झालेल्या फाइल कंपनीच्या क्लाउडवर जाऊ शकतात, आणि मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करताना कोपऱ्यात कुठलं नोटिफिकेशन येईल ते आपल्या हातात नसतं. हे मी डोळ्यांनी बघितलंय, पंधरा माणसांच्या कॉलवर.

डिलीट म्हणजे खरंच डिलीट

माझ्या मैत्रिणीचं आणि तिच्या नवऱ्याचं मी हेच करून दिलं, दोघांना शेजारी बसवून, दोन्ही फोन समोर ठेवून. तुम्हीही एका रविवारी दुपारी अर्धा तास काढा.

पहिलं, गुगल फोटोज उघडा आणि फोटो तिथूनच डिलीट करा, फोनच्या दुसऱ्या गॅलरीतून किंवा फाइल मॅनेजरमधून नको, कारण तिथून फक्त फोनमधली कॉपी जाते. मग ट्रॅश रिकामं करा, बॅकअप झालेला फोटो त्यात ६० दिवस पडून असतो. आयफोनवर रिसेंटली डिलीटेडमध्ये ३० दिवस. मग व्हॉट्सॲपचं फोल्डर, अँड्रॉइडवर त्यात ‘सेंट’ नावाचं आणखी एक फोल्डर असतं, आपण पाठवलेल्या फोटोंच्या कॉप्या तिथे साठतात आणि गॅलरीत दिसत नाहीत म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही. मग टेलिग्रामचे डाउनलोड, लॅपटॉप, पेन ड्राइव्ह, जुना फोन जो आता आई रेसिपीचे व्हिडिओ बघायला वापरते. गुगल अकाउंट घरातल्या टॅबवर किंवा टीव्हीवर लॉगिन आहे का तेही बघा, टीव्हीच्या स्क्रीनसेव्हरवर अल्बम लावलेला असेल तर कधी काय येईल सांगता येत नाही.

जे ठेवायचं दोघांनी ठरवलंय ते गुगल फोटोजच्या लॉक्ड फोल्डरमध्ये टाका, आणि त्याचा क्लाउड बॅकअप बंद ठेवा. आयफोनला हिडन अल्बम आहे, फेस आयडी लावलेला.

फोन दुरुस्तीला देताना तर पुण्यात आपण किती बिनधास्त असतो. तापकीर गल्लीत जायचं, स्क्रीन बदलायला फोन टाकायचा, पिन चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि तुळशीबागेत खरेदीला निघून जायचं. बहुतेक दुकानदार प्रामाणिक असतात, पण ज्याला तुम्ही ओळखत नाही त्याच्या हातात तुमच्या जोडीदाराचे फोटो देताना जोडीदाराला विचारलंय का? सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये मेंटेनन्स मोड आहे, पिक्सेलमध्ये रिपेअर मोड आहे, तो चालू केला की दुरुस्ती करणाऱ्याला फोन तपासता येतो पण तुमचा डेटा दिसत नाही. तो नसेल तर समोर बसा आणि पिन लागेल तेव्हा स्वतः टाका. फोन एक्सचेंजला देताना अकाउंट साइन आउट करून फॅक्टरी रीसेट, मेमरी कार्ड काढून.

एकमेकांचे फोन बघणं

इथे मतभेद होतील, होऊ देत. मला एकमेकांचा पासवर्ड माहीत असण्यात काही वावगं वाटत नाही, अपघात झाला, दवाखान्यात न्यायची वेळ आली तर उपयोगीच पडतो. पण पासवर्ड माहीत असणं आणि रोज रात्री समोरच्याचं चॅट वाचणं यात फार अंतर आहे. आणि तुमच्या फोनमध्ये फक्त तुम्ही नसता. तुमच्या बहिणीने तिच्या गर्भपाताबद्दल लिहिलेलं असतं, मित्राने त्याच्या कर्जाबद्दल लिहिलेलं असतं, त्यांनी तुमच्या नवऱ्याला किंवा बायकोला ते वाचायची संमती दिलेली नसते.

लोकेशनचंही तसंच. खराडीहून रात्री दीडला कॅबने येताना लाइव्ह लोकेशन पाठवणं चांगलंच आहे, व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त आठ तास चालतं आणि आपोआप बंद होतं, म्हणून मला ते कायमच्या शेअरिंगपेक्षा बरं वाटतं. कायमचं चालू असलं की सुरुवात काळजीने होते आणि सहा महिन्यांनी ‘डेक्कनला दीड तास काय करत होतीस’ यावर येऊन थांबते.

तुमच्या नकळत कोणी बघतंय का हे तपासायचं असेल तर व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस बघा, तिथे तुमचं नसलेलं काही दिसलं तर लॉग आउट. गुगल अकाउंटमध्ये सिक्युरिटीखाली तुमच्या डिव्हायसेसची यादी असते. फोनमध्ये किती बोटांचे ठसे नोंदवलेत ते मोजा. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिन असे भाग असतात, त्यांत कुठल्या ओळखीच्या नसलेल्या ॲपला परवानगी आहे का बघा, चोरून नजर ठेवणारी ॲप बहुतेक तिथेच सापडतात. आयफोनवर सेफ्टी चेक नावाची सोय आहे, कोणाकोणाशी काय शेअर होतंय ते एका जागी दिसतं आणि तिथूनच बंद करता येतं. फोनवर ‘अनोळखी ट्रॅकर तुमच्याबरोबर फिरतोय’ असा अलर्ट आला तर दुर्लक्ष करू नका, गाडीची डिकी, सीटखालची जागा, बॅगेचं अस्तर, सगळं बघा.

आणि एक गोष्ट जी कोणीच बघत नाही, सिम कोणाच्या नावावर आहे? आपल्याकडे बायकांची सिम बाबांच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर असणं अगदी सर्रास. ज्याच्या नावावर सिम तो डुप्लिकेट सिम काढू शकतो, आणि मग सगळे ओटीपी त्याच्याकडे. ईमेलचा रिकव्हरी नंबर कोणाचा आहे तेही बघा. नातं चांगलं चाललेलं असताना हे बदलून घेणं सोपं जातं.

पण थांबा, हे महत्त्वाचं आहे. घरातला माणूस मारणारा, धमकावणारा असेल तर त्याने टाकलेलं ॲप एकदम काढू नका, त्याला कळलं की तो चिडतो आणि धोका वाढतो. आधी दुसऱ्याच्या फोनवरून कोणाशी तरी बोला, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, लगेचचा धोका असेल तर ११२. कुठे जायचं ते ठरू दे, मग फोनचं बघा. बाईच्या ईमेल, इंटरनेट वापरावर पुरुषाने पाळत ठेवणं हा न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचाच प्रकार आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

चोरून रेकॉर्डिंगबद्दल हल्ली खूप विचारतात. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवरा-बायकोच्या गुपचूप रेकॉर्ड केलेल्या कॉलना घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून घेता येईल असं म्हटलं. ते ऐकून काहींना वाटायला लागलं की आता घरात काहीही रेकॉर्ड करायला मोकळीक मिळाली. तो निकाल बोलण्याच्या रेकॉर्डिंगबद्दल आणि कोर्टातल्या पुराव्याबद्दल आहे, बेडरूममध्ये कॅमेरा लावायची परवानगी त्यात कोणी दिलेली नाही.

बाहेर राहायला जाताना

लोणावळा, पानशेत, मुळशीकडे कुठे राहायला गेलात तर दिवे बंद करून मोबाइलच्या टॉर्चने बेड आणि बाथरूमकडे तोंड असलेल्या वस्तू बघा, स्मोक डिटेक्टर, घड्याळ, चार्जरचा ॲडॉप्टर, सेट टॉप बॉक्स. लेन्सवर उजेड पडला की बारीक ठिपका चमकतो. वायफाय स्कॅन करणारी ॲप आहेत पण मेमरी कार्डवर रेकॉर्ड करणारा कॅमेरा त्यात सापडत नाही, म्हणून डोळ्यांनी बघणंच खरं. सापडलाच तर हात लावू नका, आहे त्या जागी व्हिडिओ काढा आणि ११२ ला फोन करा. आधार द्यावं लागलं तर मास्क्ड आधार द्या, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. लग्न न झालेल्या दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहायला बंदी करणारा कुठलाही कायदा नाही, हॉटेलवाला स्वतःचा नियम म्हणून नाही म्हणू शकतो तेवढंच, त्यामुळे बुकिंगच्या आधी फोन करून विचारा.

ब्रेकअप झाल्यावर

रडून झालं की, किंवा रडता रडताही चालेल, एक मेसेज लिहून पाठवा. बोलून सांगू नका, लिहा. ‘माझे जे काही फोटो, व्हिडिओ तुझ्याकडे आहेत ते सगळीकडून डिलीट कर. ते ठेवायला किंवा कोणालाही दाखवायला माझी संमती नाही.’ तारीख वेळेसकट तो मेसेज राहतो, पुढे काही झालंच तर संमती कधी काढून घेतली हे दाखवायला उपयोगी पडतो. आणि तुमच्याकडे त्याचे, तिचे असतील तर कोणी मागायची वाट न बघता डिलीट करा आणि तसं कळवा. आठवण म्हणून ठेवलेत असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, त्या माणसाला माहितीये का की ते अजून तुमच्याकडे आहेत? मग पासवर्ड, ओटीटी, स्विगीवरचा त्याचा जुना पत्ता, गुगल मॅप्सचं शेअरिंग, एकत्र अल्बम, सगळं एकेक करून सोडवा.

कोणाचा असा फोटो तुमच्या कॉलेजच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपवर आला तर पुढे पाठवू नका, ‘बघ काय आलंय’ म्हणून एकालासुद्धा नाही, तो पाठवणं हाच गुन्हा आहे. ज्याने टाकला त्याला तिथेच, सगळ्यांसमोर, काढ म्हणून सांगा. आणि ज्या व्यक्तीचा आहे तिला जपून कळवा, शक्य असेल तर कोणी टाकला, कधी टाकला ते सांगा. मुलांच्या ग्रुपमध्ये एक जण बोलला तरी बाकीचे गप्प होतात, हे मला दोन मित्रांनी सांगितलंय आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

धमकी आली किंवा फोटो बाहेर गेला तर

पैसे देऊ नका. एकदा दिले की माणूस परत मागतो. चॅट डिलीट करू नका, कितीही किळस आली तरी, नंबर, प्रोफाइलची लिंक, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. पैसे दिले असतील तर ताबडतोब १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, जितका लवकर तितकी रक्कम अडकवता यायची शक्यता जास्त.

मग स्टॉप एनसीआयआय डॉट ओआरजी. ही ब्रिटनमधल्या संस्थेची मोफत सेवा आहे, २०२१ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेली. तिथे तुमचा फोटो कुठेही अपलोड होत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्राम, रेडिट, बंबल अशा सामील असलेल्या कंपन्यांकडे जातो. कोणी तोच फोटो तिथे टाकायला गेलं की ओळखून अडवता येतो. व्हॉट्सॲपच्या खाजगी चॅटमध्ये हे चालत नाही, पण फोटो बाहेर पडायच्या आधी नुसती धमकी आलेली असतानाही नोंद करता येते, हा त्याचा मोठा फायदा. गुगल सर्चमधून असे फोटो काढून टाकायचा फॉर्म वेगळा आहे, तोही भरा. आणि जिथे फोटो आलाय त्या ॲपला रिपोर्ट करा, २०२१ चे आयटी नियम आले तेव्हाच नग्न किंवा लैंगिक फोटोंबद्दल त्या व्यक्तीने तक्रार केली की २४ तासांत काढायला हवेत अशी मुदत घातली गेली, आणि त्यात मॉर्फ केलेले, खोटे बनवलेले फोटोही येतात. एआयने बनवलेला आहे, खरा नाही, म्हणून गप्प बसू नका.

तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इनवर करता येते, महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांचा भाग वेगळा आहे, त्यात नाव न देता तक्रार करायची सोय आहे, पण मग पुढे काय झालं ते ट्रॅक करता येत नाही, म्हणून जमलं तर नाव देऊन करा. पुणे शहराचं सायबर पोलीस ठाणं शिवाजीनगरला आहे. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे, त्यामुळे हिंजवडी, वाकडवाले तिकडे येतात. पण हद्दीच्या नावाखाली कोणी परत पाठवलं तर परत येऊ नका, कुठल्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेली तक्रार, नोंदवता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस तपासाचे नियम सांगणारा कायदा) कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय. ऑनलाइन माहिती दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, मागून घ्या.

कलमं माहीत असली की बोलताना आवाज कापत नाही, म्हणून सांगते. आयटी कायदा ६६ई, संमतीशिवाय कोणाच्याही खाजगी अवयवांचा फोटो काढणं किंवा पाठवणं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ६७ए, लैंगिक कृत्याचा मजकूर प्रसारित करणं, पहिल्यांदा पाच वर्षांपर्यंत आणि दहा लाखांपर्यंत दंड. न्याय संहितेचं ७७, बाईचा खाजगी क्षणातला फोटो काढणं किंवा पसरवणं, पहिल्यांदा एक ते तीन वर्षं, परत केलं तर तीन ते सात. या ७७ मध्ये जे स्पष्टीकरण दिलंय ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, बाईने फोटो काढायला संमती दिली असेल पण दुसऱ्यांना दाखवायला दिली नसेल, तरी तो पसरवणं गुन्हाच. म्हणजे ‘तिनेच काढू दिला होता’ हे उत्तर तिथे चालत नाही. २०१८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या कोर्टाने माजी मैत्रिणीचे व्हिडिओ टाकणाऱ्या तरुणाला पाच वर्षं आत पाठवलंय, हे कागदावरचंच नाही.

७७ फक्त स्त्रियांसाठी आहे. पण ६६ई आणि ६७ए मध्ये कोणीही तक्रार करू शकतं, पुरुष, ट्रान्स व्यक्ती, दोन मुलांच्या नात्यातला मुलगा, आणि पैसे मागितले तर खंडणीचं कलम ३०८ आहेच. पुरुष फार गप्प बसतात. अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल येतो, पलीकडे कोणीतरी कपडे काढतं, इकडच्याचा चेहरा रेकॉर्ड होतो आणि दहा मिनिटांत पैसे मागायला सुरुवात. यात तरुण मुलांनी जीव दिलेत. कोणालाही तसे विचार येत असतील तर १४४१६ ला फोन करा, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असतं.

माझ्या एका मित्राला असा कॉल आला होता गेल्या वर्षी. पहिले आठ हजार त्याने दिले, मग वीस मागितले, तेव्हा रात्री साडेअकराला त्याने आईला उठवलं आणि सगळं सांगितलं. त्या काकू निवृत्त शिक्षिका आहेत, नारायण पेठेत राहतात, आयुष्यात असल्या विषयावर त्या दोघांचं कधी बोलणं झालेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, आधी १९३० ला फोन लाव, मग तो मोबाइल माझ्याकडे दे आणि थोडं खाऊन घे. सकाळी दहाला दोघं शिवाजीनगरला गेले, काकूंच्या पिशवीत स्क्रीनशॉटच्या प्रिंट होत्या, तारखेप्रमाणे लावलेल्या.